कोंबुचा फ्लोट

कोंबुचा फ्लोट : आंबवलेल्या गोड चहात, म्हणजे कोंबुचात, आइसक्रीमचा गोळा सोडून तो वितळत असतानाच पितात व चमच्याने खातात ते थंड, फेसाळ पेय. सोडा, कोला किंवा रूट बिअर यांवर आइसक्रीम घालून होणाऱ्या अमेरिकी फ्लोटचा हा अलीकडचा प्रकार. तयार कोंबुचा हाताशी असेल तर दोन मिनिटांत होतो. संपवावाही तितक्याच लगबगीने लागतो, कारण कोंबुचातले आम्ल आइसक्रीममधले दूध नासवते. पाककृती सांगणारे याबद्दल सहसा गप्प राहतात. म्हणून प्रस्तुत नोंदीत त्या बाबीला जास्त जागा दिली आहे.

पूर्वपीठिका : फ्लोटच्या जन्माची सर्वांत अधिक सांगितली जाणारी हकीकत फिलाडेल्फियाची आहे. १८७४ मध्ये फ्रँकलिन इन्स्टिट्यूटच्या पन्नाशीनिमित्त तेथे भरलेल्या प्रदर्शनात रॉबर्ट मॅके ग्रीन हा सोडाविक्रेता दुकान मांडून होता. पेयात घालायचा बर्फ संपला तेव्हा शेजाऱ्याकडचे व्हॅनिला आइसक्रीम वापरून त्याने वेळ मारून नेली, अशी लोकप्रिय आख्यायिका. खुद्द ग्रीनने १९१० मध्ये ‘सोडा फाउंटन’ या व्यवसायपत्रात दिलेली हकीकत निराळी आहे. दुसऱ्या विक्रेत्याचे सोडायंत्र मोठे व झगमगीत होते. त्याची गिऱ्हाइके ओढण्यासाठी काही प्रयोग करून आपण सोडा व आइसक्रीम एकत्र केले आणि सोळा स्वादांच्या पाकांतून निवड करू दिली, असे तो सांगतो. पहिली कथा रंजक आहे, दुसरी धंद्याच्या रीतीला धरून; विश्वास ठेवायचा तर दुसरीवर. डेट्रॉइटचे फ्रेड सँडर्स तसेच फिलिप मोर व जॉर्ज गाय यांच्या नावेही हा शोध सांगितला जातो. आपल्या थडग्यावर ‘आइसक्रीम सोड्याचा जनक’ असे कोरावे, अशी सूचना ग्रीनने मृत्युपत्रात करून ठेवली होती.

रूट बिअर ही फिलाडेल्फियातलाच औषधविक्रेता चार्ल्स हायर्स याने १८७६ च्या शताब्दी प्रदर्शनात लोकांपुढे आणली. तिच्यावर आइसक्रीम घालण्याचे श्रेय कॉलोराडोतील क्रिपल क्रीकच्या फ्रँक विस्नरला देतात. चांदण्यात बर्फाच्छादित डोंगरमाथा पाहून त्याला १८९३ मध्ये ही कल्पना सुचली, असे म्हणतात. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने हायर्स अधिक महत्त्वाचा. तो रूट बिअरचा अर्क विकत असे आणि लोक त्यात साखर, पाणी व यीस्ट घालून पेय घरीच आंबवत. म्हणजे फ्लोटच्या पेल्यात आंबवलेले पेय येण्याला कोंबुचाची वाट पाहावी लागली नव्हती. मद्यार्काचा प्रश्नही तेव्हाच उभा राहिला. १८९५ मध्ये अमेरिकेतील ख्रिस्ती महिलांच्या मद्यनिषेध संघटनेने या पेयावर बहिष्कार घातला. तपासणीत मद्यार्काचे प्रमाण नगण्य ठरल्यावर १८९८ मध्ये तो उठला.

ऑस्ट्रेलियात फ्लोटला ‘स्पायडर’ म्हणतात.

कोंबुचा : उगम बहुधा ईशान्य चीनमध्ये. छिन राजवटीपर्यंत मागे जाणारी कथा आणि कोंबु नावाच्या वैद्याने पाचव्या शतकात तो जपानच्या सम्राटाकडे नेल्याची कथा, या दोन्ही दंतकथा म्हणूनच घ्याव्यात. विसाव्या शतकाच्या आरंभी रशिया व पूर्व युरोपात तो ‘चहाची बुरशी’ म्हणून घरोघरी ठाऊक होता. जर्मन कवकशास्त्रज्ञ गुस्टाव्ह लिंडाऊ याने १९१३ मध्ये त्यातल्या चकतीला मेडुसोमायसिस गिसेव्ही असे शास्त्रीय नाव दिले. ती एकच बुरशी नसून यीस्ट व जीवाणू यांची वसाहत आहे, हे पुढे स्पष्ट झाले. बाटलीबंद कोंबुचाचा अमेरिकी धंदा जी. टी. डेव्ह यांनी १९९५ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये सुरू केला. २०१६ मध्ये पेप्सिकोने केविटा ही कंपनी विकत घेतल्यावर मोठे शीतपेय उद्योगही यात उतरले.

आंबवण्याची क्रिया : एक लिटर पाण्याला ५ ते ८ ग्रॅम चहापत्ती व ६० ते ८० ग्रॅम साखर घेऊन कोरा चहा करतात. तो पूर्ण निवल्यावर आधीच्या घाण्यातला सुमारे १०० मिलि. आंबट कोंबुचा विरजण म्हणून घालतात व ‘स्कोबी’ नावाची चिवट, सायीसारखी चकती वर सोडतात. काचेच्या बरणीला कापडाचा दादरा बांधून ती २४ ते ३० अंश सेल्सिअस तापमानात ७ ते १० दिवस ठेवतात. यीस्ट साखर फोडून ग्लुकोज व फ्रुक्टोज करते आणि त्यांपासून मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड तयार होतो. कोमागाटाइबॅक्टर झायलिनस व त्याचे भाऊबंद मद्यार्काचे ॲसेटिक आम्ल, ग्लुकोजचे ग्लुकॉनिक आम्ल करतात आणि सेल्युलोजची चकती विणतात. तयार पेयाचा सामू साधारण २.५ ते ३.५ असतो. या अवस्थेत त्यात वायू फारसा नसतो, कारण दादऱ्यातून तो निघून गेलेला असतो. फ्लोटसाठी दुसरे आंबवण आवश्यक : गाळलेला कोंबुचा थोडे आले, फळांचा रस किंवा साखर घालून घट्ट बुचाच्या बाटलीत दोन-तीन दिवस ठेवतात व मग फ्रीजमध्ये थंड करतात.

बाटलीतही यीस्ट जिवंत असल्याने मद्यार्क वाढत राहू शकतो. अमेरिकेत ०.५ टक्के किंवा त्याहून जास्त मद्यार्क असलेले पेय मद्य म्हणून गणले जाते. काही बाटल्यांत ही मर्यादा ओलांडली गेल्याचे दिसल्यावर जून २०१० मध्ये होल फूड्स या दुकानसाखळीने कोंबुचा काही काळ विक्रीतून काढून घेतला होता. त्यानंतर अनेक उत्पादकांनी कृती बदलली. काही जण पेय गाळून यीस्ट काढतात किंवा तापवून ते मारतात आणि वायू यंत्राने भरतात. अशा बाटलीचा फ्लोट नीट होतो, किंबहुना अधिक भरवशाचा होतो. पण त्याला ‘जिवंत पेय’ म्हणण्यात अर्थ राहत नाही.

फेस : आइसक्रीममध्ये हवा कालवलेली असते, काही प्रकारांत आकारमानाचा जवळजवळ अर्धा भाग हवाच असते. गोळ्याच्या पृष्ठभागावरील हवेच्या कोशिका व बर्फाचे सूक्ष्म स्फटिक ही विरघळलेल्या वायूला बुडबुडे धरायला आयती जागा मिळते. साध्या सोड्यात बुडबुडा वर येऊन फुटतो. येथे दुधातील प्रथिने व आइसक्रीममधील पायसीकारके त्याच्याभोवती पातळ पापुद्रा धरतात, म्हणून फेस टिकतो. कोंबुचा जितका थंड तितका वायू त्यात जास्त मावतो. वातावरणीय दाबाखाली एक लिटर पाण्यात ० अंशाला सुमारे १.७ लिटर कार्बन डायऑक्साइड विरघळतो, २० अंशाला त्याच्या निम्माच. कोमट कोंबुचावर गोळा टाकला की ग्लास उतू जातो आणि मागे निवळ आंबट चहा उरतो, त्याचे कारण हेच.

नासणे : दुधातील केसीन हे प्रथिन सामू ४.६ च्या आसपास विद्युतभाररहित होते, त्याचे कण एकमेकांना चिकटतात आणि दूध फाटते. कोंबुचा याहून बराच आम्ल आहे. चहातील टॅनिनवर्गीय संयुगेही प्रथिनांशी जोडली जातात. तेव्हा दुधाचे आइसक्रीम कोंबुचात नासणार हे ठरलेलेच. प्रश्न फक्त केव्हा, एवढाच.

या ‘केव्हा’ला तापमानाचा मोठा आधार आहे. ५ अंशांच्या खाली ठेवलेले दूध ४.६ सामूपर्यंत आम्ल केले तरी लगेच फाटत नाही. ते ऊब लागली की फाटते. केसीन काढण्याच्या कारखानी पद्धतींत या गुणाचा उपयोग करतात : आधी थंड दुधात आम्ल मिसळायचे, मग गरम करून चोथा पाडायचा. फ्लोटमध्ये नेमके उलट हवे असते. ग्लास, कोंबुचा आणि गोळा तिन्ही पुरेसे थंड असतील तर पेय तळाशी जाईपर्यंत गुळगुळीत राहते. शिवाय उणे तापमानाच्या गोळ्याला लागलेला कोंबुचा तेथेच गोठून बर्फाचे कुरकुरीत कवच करतो व ते टिकेपर्यंत आम्ल आत शिरत नाही. हे कवच ढवळून मोडणे ही या पेयातली सर्वांत सामान्य चूक आहे. चोथ्याची बारीक कणी आली म्हणजे पेय बिघडले असे नव्हे. दह्यासारखेच ते आम्लाने साकळलेले दूध असते. दिसते मात्र वाईट.

‘फ्रोजन डेझर्ट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थात दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल असते. त्यामुळे तो नासणार नाही अशी समजूत आढळते. ती चुकीची आहे, कारण नासते ते प्रथिन, स्निग्धांश नव्हे, आणि दुधाची भुकटी त्यातही असतेच. खरोखर न नासणारे पर्याय दोन : फळांचे दूधविरहित सॉर्बे आणि निव्वळ नारळाच्या दुधाचे आइसक्रीम. आमसुलाचे आम्ल व नारळाचे दूध यांचा मेळ सोलकढीने कोकणात केव्हाच सिद्ध केलेला आहे. दुकानात मिळणाऱ्या शहाळ्याच्या आइसक्रीममध्ये बहुधा गाईम्हशीचे दूध असते, हे लक्षात ठेवावे.

कृती : उंच ग्लास दहा मिनिटे फ्रीझरमध्ये ठेवावा. फ्रीजमधून काढलेला १५० ते १८० मिलि. कोंबुचा ग्लास तिरपा धरून कडेने ओतावा. ग्लासचा वरचा तिसरा भाग फेसासाठी रिकामा ठेवावा. बाटलीच्या तळाचा गाळ व सायीचे तंतू आत जाऊ देऊ नयेत. घट्ट गोठलेल्या आइसक्रीमचा एक गोळा चमच्यावरून अलगद सोडावा, टाकू नये. फेस बसल्यावर जागा उरली तर आणखी थोडा कोंबुचा घालावा. गोळा आधी ठेवून वरून ओतण्याची सोडा फाउंटनवाल्यांची पद्धत येथे फेस व नासणे दोन्ही वाढवते.

भांडी : जाड काचेचा उंच ग्लास, लांब दांड्याचा चमचा, रुंद नळी.

स्वादांच्या जोड्या : आल्याचा कोंबुचा व व्हॅनिला ही सर्वमान्य जोडी, रूट बिअर फ्लोटच्या चवीशी तिचे नाते आहे. जास्वंद, जांभूळ किंवा कोकम घातलेल्या कोंबुचाबरोबर नारळाचे आइसक्रीम चालते. आंब्याच्या आइसक्रीमचा आंबटगोडपणा कोंबुचापुढे फिका पडतो. चॉकलेट टाळावे.

महाराष्ट्र व गोवा : मुंबई, पुणे व गोवा येथे बाटलीबंद कोंबुचा मिळतो, घरी लावणारेही आहेत. येथील हवामान आंबवण्याला अनुकूल, कधीकधी अतिअनुकूल आहे. उन्हाळ्यात दुसरे आंबवण एका दिवसातही पुरे होते व पातळ काचेची बाटली फुटू शकते. रोज बूच सैल करून वायू सोडावा आणि चौकोनी शोभेच्या बाटल्या वापरू नयेत.

फ्लोटला येथे आयती परंपरा नाही, पण शेजारी बरेच आहेत. पुण्याच्या मस्तानीत दाट दुधावर आइसक्रीमचा गोळा असतो. तिच्यात वायू नाही. फालुद्यात आइसक्रीम, सब्जा व गुलाबाचा पाक. त्यातही वायू नाही. वायू होता तो सोड्याच्या बाटलीत. हायरम कॉडने १८७२ मध्ये पेटंट घेतलेली बाटली येथे गोटी सोडा म्हणून रुजली. पारशी कारखान्यांनी मुंबई-पुण्याला रंगीत सोड्याची चव लावली : मुंबईत पालनजी (१८६५), पुण्यात अर्देशिर (१८८४), पुन्हा मुंबईत ड्यूक्स (१८८९). ड्यूक्सचे संस्थापक दिनशा पांडोले हे १८८८ च्या पारशी संघातून इंग्लंडला गेलेले क्रिकेटपटू, आणि कंपनीचे नाव ड्यूक या चेंडूवरून घेतले असे सांगतात. १९९४ मध्ये ती पेप्सीकडे गेली. या परंपरेतील ‘आइसक्रीम सोडा’ नावाच्या बाटलीत आइसक्रीम नसते, व्हॅनिलाच्या जातीचा स्वाद असतो. कोंबुचा फ्लोट या सर्वांपासून उतरलेला नाही. तो अमेरिकेकडून आलेला आहे.

आरोग्यविषयक दावे : कोंबुचाने पचन सुधारते, रोगप्रतिकार वाढतो इ. दावे प्रचलित आहेत. मानवांवरील अभ्यास थोडे व लहान आहेत. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मधुमेहींवरील एका प्राथमिक अभ्यासात उपाशीपोटीची रक्तशर्करा उतरल्याचे दिसले, पण सहभागी डझनभरच होते. फ्लोटच्या बाबतीत हा वाद जवळपास गैरलागू आहे : आइसक्रीमच्या गोळ्याबरोबर येणारी साखर व स्निग्धांश पाहता त्याला पथ्याचे पेय म्हणता येणार नाही. तो गोड पदार्थ आहे आणि त्या नात्याने चांगला आहे.

१९९५ मध्ये अमेरिकेतील आयोवा राज्यात कोंबुचा पिणाऱ्या दोन स्त्रिया गंभीर आजारी पडल्या व त्यांपैकी एक दगावली. कोंबुचाशी कार्यकारणसंबंध सिद्ध झाला नाही. निरोगी माणसाला दिवसाला सुमारे १२० मिलि. कोंबुचा बाधू नये, असे तेव्हा अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने नमूद केले होते. वरील कृतीतील माप त्याहून जास्त आहे. ऑस्ट्रेलियात झिलईच्या मातीच्या भांड्यात कोंबुचा लावल्याने शिशाची विषबाधा झाल्याची नोंद १९९८ ची आहे. म्हणून काचेचीच बरणी वापरावी. घरी केलेल्या कोंबुचातील मद्यार्काचे प्रमाण चवीवरून ओळखता येत नाही. लहान मुले, गरोदर स्त्रिया व प्रतिकारशक्ती क्षीण झालेले रुग्ण यांच्यासाठी फ्लोट साध्या सोड्यावरच करावा.