फार्हाला कळलं होतं

पोकरवर लिहिणारे बहुतेक लोक कोणी किती डॉलर जिंकले तिथून सुरुवात करतात. मला मात्र त्या सगळ्या इतिहासातला एकच डाव पुरलाय, आणि तोही जिंकणाऱ्यामुळे नाही, हरणाऱ्यामुळे.

मे २००३. लास व्हेगासमधलं बिनियन्स हॉर्सशू कसिनो, वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची मुख्य स्पर्धा. प्रवेश फी १०,००० डॉलर, खेळाडू ८३९, पहिलं बक्षीस २५ लाख डॉलर. गाळत गाळत शेवटी उरले दोघं. एक सॅम फार्हा. जन्म बैरुतचा, मुरलेला व्यावसायिक खेळाडू, अंगात कोट, ओठांत न पेटवलेली सिगारेट. दुसरा ख्रिस मनीमेकर (हो, खरंच आडनाव आहे!). टेनेसीतला २७ वर्षांचा अकाउंटंट, डोक्यावर टोपी, डोळ्यांवर गॉगल. पोकरस्टार्सवरच्या किरकोळ फीच्या ऑनलाइन स्पर्धेतून त्याला ही जागा मिळाली होती. प्रत्यक्ष टेबलावर बसून खेळलेली ही त्याची पहिलीच स्पर्धा.

होल्डेमचे नियम माहीत नसतील तर दोन वाक्यांत: प्रत्येकाला दोन झाकलेली पानं, आणि मधे टेबलावर सगळ्यांसाठी उघडी पाच पानं, जी टप्प्याटप्प्यानं येतात. सात पानांतून ज्याची पाच पानं भारी तो जिंकला, किंवा बाकीच्यांनी घाबरून पानं टाकली तर जो उरला तो जिंकला.

फार्हाकडे इस्पिकची राणी आणि बदामची नव्वी. मनीमेकरकडे इस्पिकचा राजा आणि बदामची सत्ती. टेबलावर आली इस्पिक नव्वी, चौकट दुर्री, इस्पिक छक्की. म्हणजे फार्हाची नव्व्यांची जोडी, मनीमेकर फुकट. चौथं पान इस्पिक अठ्ठी. आता मनीमेकरला आणखी एक इस्पिक आलं की फ्लश (तीनपत्तीत आपण ज्याला कलर म्हणतो तेच, फक्त पाच पानांचं), आणि पंजी किंवा दश्शी आली की सिक्वेन्स. फार्हानं ३ लाख चिप्स लावले, मनीमेकरनं ८ लाख केले, फार्हानं तेवढे भरले. शेवटचं पान बदाम तिर्री. मनीमेकरचं काहीच लागलं नाही. हातात राजा, बाकी शून्य. आणि त्यानं सगळे चिप्स पुढे ढकलले.

फार्हा विचारात पडला. आणि मग त्यानं समोर बघत, मोठ्यानं, साधारण अशा अर्थाचं विचारलं की तुझा फ्लश हुकला ना?

अगदी बरोबर! शब्दशः तेच झालं होतं. मनीमेकर पुतळ्यासारखा बसून राहिला. आणि फार्हानं पानं टाकली.

त्यानं चिप्स भरले असते तर टेबलावरच्या एकूण ८३,९०,००० चिप्सपैकी बहुतेक सगळे त्याच्याकडे आले असते आणि स्पर्धा जवळजवळ तिथेच संपली असती. समोरच्याची पानं ओळखता न येणं ही एक गोष्ट. पण ओळखून, बोलून दाखवून, मग त्यावर विश्वास न ठेवणं ही वेगळीच.

आता यात ऐतिहासिक काय आहे? माझ्या मते हे, की फार्हाला काय कळलं होतं हे आपल्याला माहीत आहे. ही सोय पोकरला त्याआधी जवळजवळ कधीच नव्हती.

पोकरमधल्या 'माणूस वाचण्याच्या' जुन्या गोष्टी घ्या. त्यातली सर्वात गाजलेली म्हणजे जॉनी मॉस आणि निक द ग्रीक यांचा १९४९ सालचा, पाच महिने चाललेला म्हणतात तो सामना. बेनी बिनियननं तो भरवला आणि लोक बघायला गर्दी करायचे, अशी कथा. हा सामना जसा सांगतात तसा झाला की नाही याबद्दल इतिहासाच्या अभ्यासकांना शंका आहे. गंमत म्हणजे त्या कथेतला सर्वात प्रसिद्ध डाव वाचन चुकल्याचा आहे. निकनं सांगितलं की माझ्या झाकलेल्या पानात बहुधा गुलाम आहे. मॉसनं विश्वास ठेवला नाही. गुलामच निघाला. तरी मॉसची कीर्ती माणसं वाचणारा म्हणूनच राहिली, कारण शेवटी सामना त्यानं जिंकला असं कथेत आहे.

जुन्या कथांची अडचण हीच. डाव संपला की न दाखवलेली पानं गड्डीत परत जायची, आणि डावाची आठवण सांगणारा उरायचा तो जिंकलेला. दहा वेळा चुकलेला अंदाज कोणी बारमध्ये बसून सांगत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर लॉगच नाही, आहेत त्या फक्त यशोगाथा. अशा डेटावरून कुठलाही शहाणा माणूस निष्कर्ष काढणार नाही. पण पोकरच्या जगानं काढला, आणि तो जवळजवळ धर्म झाला: पहिला अंदाज खरा, त्याला चिकटून राहा.

हे कागदावर आणलं डॉयल ब्रन्सननं. १९७६ आणि १९७७ असा लागोपाठ दोनदा विजेता झालेला हा टेक्सासचा माणूस. त्याचं 'सुपर/सिस्टम' हे पुस्तक १९७० च्या दशकाच्या शेवटी आलं. पहिल्या अंदाजाला चिकटून राहण्याचा सल्ला त्यात आहेच, पण त्याचं स्पष्टीकरण मला जास्त आवडतं. त्याचं म्हणणं असं की 'आतून वाटतं' म्हणजे बहुतेकदा आठवण असते. हाच माणूस, अशीच खेळी, पूर्वी कधीतरी पाहिलेली. आपण जाणूनबुजून आठवत नाही, पण डोकं आठवतं. म्हणजे कॅशेच की! मग माइक कॅरोचं 'बुक ऑफ टेल्स' १९८४ मध्ये आलं, फोटोंसकट. त्याचं मुख्य सूत्र असं की माणूस नाटक करतो. पानं भारी असतील तर पडेल चेहरा, पानं फालतू असतील तर छाती पुढे. दिवाळीत घरच्यांबरोबर तीनपत्ती खेळलेल्या कोणालाही हे वेगळं सांगायला नको, प्रत्येक घरात असा एक काका असतोच.

आणि मग स्टू उंगर. १९८०, १९८१ आणि १९९७ असा तीनदा मुख्य स्पर्धा जिंकलेला. त्याआधी जिन रमीत इतका भारी की त्याच्याशी कोणी पैसे लावून खेळेना, म्हणून तो पोकरकडे वळला. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीचा त्याचा एक डाव सांगतात. समोर १९९० चा विजेता मन्सूर मतलूबी, दोघांतच सामना, प्रत्येकी ५०,००० डॉलर. उंगरकडे दश्शी-नव्वी. टेबलावर तिर्री, तिर्री, सत्ती. मतलूबीनं ६,००० लावले, उंगरनं भरले. मग राजा, दोघंही गप्प. मग राणी, आणि मतलूबीनं उरलेले ३२,००० लावले. उंगर म्हणाला की तुझ्याकडे चव्वी-पंजी नाहीतर पंजी-छक्की आहे, आणि नुसत्या दश्शीवर पैसे भरले. मतलूबीकडे निघाली चव्वी-पंजी.

लोक याला जादू म्हणतात. मला ती जादू वाटत नाही. उलटा हिशेब करून बघा. राजा आला तेव्हा मतलूबी गप्प का बसला? त्याच्याकडे राजा असता तर त्यानं थोडे तरी लावले असते. नुसती राणी किंवा सत्ती असलेला माणूस इतके पैसे का लावेल? म्हणजे एकतर फार भारी काहीतरी, नाहीतर हुकलेला सिक्वेन्स. तिर्री-सत्तीवर सिक्वेन्सची आशा कोणाला? चव्वी-पंजीला आणि पंजी-छक्कीला. दश्शी दोघांनाही हरवते. प्रत्येक पायरी सुटी घेतली तर सरळ आहे. अवघड आहे ते पैसे पुढे करणं. समोरच्याकडे एखादा गुलाम जरी असता तरी उंगर हरला असता.

(हा उंगर माणसं इतकी वाचायचा, पण १९९७ चे बक्षिसाचे पैसे वर्षभरही टिकले नाहीत, आणि नोव्हेंबर १९९८ मध्ये व्हेगासच्या एका स्वस्त मोटेलात तो मृतावस्थेत सापडला. वय ४५. असो.)

उंगरची गोष्टसुद्धा आपल्याला जिंकलेल्याची म्हणूनच माहीत आहे. बदल झाला तो कॅमेऱ्यामुळे. झाकलेली पानं प्रेक्षकांना दाखवणाऱ्या कॅमेऱ्याचं पेटंट हेन्री ओरेनस्टाइनचं. हा नाझी छळछावण्यांतून वाचलेला, पुढे अमेरिकेत खेळण्यांच्या धंद्यात मोठा झालेला माणूस, ट्रान्सफॉर्मर्स तिथं येण्यात त्याचा हात होता. ब्रिटनमध्ये चॅनेल फोरनं १९९९ मध्ये 'लेट नाइट पोकर'साठी काचेचं टेबल वापरलं. आणि २००३ मध्ये ईएसपीएननं वर्ल्ड सिरीजच्या शेवटच्या टेबलाला छोटे कॅमेरे लावले. त्यामुळे फार्हाची नव्वी आणि मनीमेकरचं शून्य एकाच पडद्यावर दिसलं. हरलेल्याचा बरोबर अंदाज पुराव्यासकट नोंदला गेला. कॅमेरे नसते तर फार्हानं पुढे 'मला कळलं होतं रे' म्हटलं असतं आणि सगळे हसले असते.

मग त्यानं पानं का टाकली? हा माझा अंदाज आहे, पण मला दोन गोष्टी दिसतात. पहिली: दोन अंदाज एकमेकांना छेदत होते. डाव सांगत होता की फ्लश हुकला. माणूस सांगत होता की हा नवखा अकाउंटंट आहे, आयुष्यातली सर्वात मोठी रक्कम समोर असताना हा हवेत सगळं लावणार नाही. दुसऱ्या अंदाजाला मनीमेकरच्या पूर्वीच्या खेळाचा आधार नव्हता, होता तो फक्त त्याच्या प्रकारच्या लोकांबद्दलच्या समजुतीचा. ब्रन्सनच्या भाषेत आठवण होती, पण दुसऱ्याच कोणाची. दुसरी गोष्ट: आपण समोरच्यापेक्षा सरस आहोत असं वाटत असेल तर एका अंदाजावर सर्वस्व लावायची घाई कशाला? हळूहळू संपवू की. हे गणित अजिबात मूर्खपणाचं नाही. म्हणूनच मी फार्हाला हसत नाही.

गणितावरून आठवलं, या सगळ्याला एक समांतर परंपरा आहे ज्यात चेहऱ्याला स्थानच नाही. जॉन फॉन नॉयमननं मॉर्गनस्टर्नबरोबरच्या १९४४ च्या पुस्तकात पोकरचं छोटं मॉडेल मांडलं. त्याचं उत्तर असं की भारी पानांवर लावा, आणि काही वेळा अगदी टाकाऊ पानांवरही लावा, मधल्या पानांवर गप्प बसा. ब्लफ हे धाडस नाही, हिशेबातली एक टक्केवारी आहे. त्याचं टोक २०१७ च्या जानेवारीत दिसलं. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्रेटस या प्रोग्रामनं पिट्सबर्गमध्ये चार व्यावसायिकांना १,२०,००० डावांत १७ लाखांहून अधिक डॉलर किमतीच्या चिप्सनी हरवलं. आणि मला सर्वात आवडलेला भाग: तो समोरच्यांच्या चुका शोधत नव्हता. दिवसभर ते चौघं त्याच्या खेळात जिथे जिथे भोक शोधायचे, तिथे तो रात्री स्वतःला पॅच करायचा.

मग चेहरा वाचणं थोतांडच का? २०१३ मध्ये मायकेल स्लेपियन आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला. त्यांनी २००९ च्या वर्ल्ड सिरीजच्या छोट्या क्लिप्स विद्यार्थ्यांना दाखवल्या. फक्त चेहरे पाहून पानं किती भारी हे ओळखायला सांगितलं तर निकाल योगायोगाहूनही किंचित वाईट. फक्त हात, म्हणजे चिप्स पुढे करण्याची हालचाल दाखवली, तर योगायोगापेक्षा बरा. फरक फार मोठा नव्हता, पण होता. चेहऱ्यावर नाटक करायला सगळे शिकले, हातांकडे कोणी लक्ष दिलं नाही.

२००३ चे ८३९ खेळाडू २००४ मध्ये २,५७६ झाले, २००६ मध्ये ८,७७३. त्यातले कितीतरी त्या एका प्रक्षेपणामुळे आले.

आणि तो सामना? त्या ब्लफनंतर थोड्याच वेळात शेवटचा डाव झाला. टेबलावर गुलाम, पंजी, चव्वी. फार्हाकडे गुलाम-दश्शी, म्हणजे टेबलावरच्या सर्वात मोठ्या पानाची जोडी. मनीमेकरनं रेज केलं. या वेळी फार्हानं पानं टाकली नाहीत, सगळे चिप्स पुढे केले. मनीमेकरकडे पंजी-चव्वी होती.