फुटबॉलची राष्ट्रीय साखळी आणि तिचे विजेते



मी शाळामास्तर. नोकरीचीं शेवटचीं कांहीं वर्षें कोल्हापुरांतील एका शाळेंत सातवीच्या वर्गास इतिहास-भूगोल शिकविण्यांत गेलीं. एके दिवशीं पाऊस लागून राहिल्यामुळें खेळाचा तास वर्गांतच घ्यावा लागला. मुलांना गप्प बसवावें म्हणून मीं फळ्यावर भारताच्या राष्ट्रीय फुटबॉल साखळीच्या विजेत्यांचीं नांवें लिहावयास आरंभ केला. पहिलेंच नांव लिहिलें, ‘जेसीटी’. तोंच मागच्या बांकावरून एक मुलगा उठून म्हणाला, “सर, जेसीटी ही कुठली पेठ?”

वर्ग हंसला, मी हंसलों नाहीं. कोल्हापूरच्या मुलास हा प्रश्न पडणें अगदीं स्वाभाविक होतें. फुटबॉलचा संघ म्हटला कीं त्याच्यामागें एखादी तालीम, एखादी गल्ली, एखादें देऊळ असावयाचेंच, अशी आमची समजूत. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, संध्यामठ, फुलेवाडी, शिवाजी तरुण मंडळ. हीं नांवें उच्चारतांच आमच्या डोळ्यांपुढें शहराचा नकाशा उभा राहतो. मीं त्यास सांगितलें कीं, जेसीटी ही पेठ नव्हे. ती पंजाबांतील फगवाडा गांवची कापडाची गिरणी. “मग तिथं आता कोण खेळतंय?” त्यानें पुन्हां विचारलें. कोणीच खेळत नव्हतें. गिरणीनें २०११ सालींच संघ मोडला होता. त्या दिवसापासून मी ती यादी निराळ्या नजरेनें वाचूं लागलों, आणि त्या वाचनांत जें हातीं लागलें तेंच आज आपणांपुढें ठेवीत आहें.

आपल्या देशांत फुटबॉल जुना, परंतु राष्ट्रीय साखळी नवी. ड्युरंड चषक १८८८ सालीं सिमल्यास सुरू झाला, मुंबईचा रोव्हर्स चषक १८९१ सालीं, आणि कलकत्त्याची आय. एफ. ए. ढाल १८९३ सालीं. तिन्ही स्पर्धा बाद पद्धतीच्या, आणि आरंभीं बहुतेक गोऱ्या पलटणींच्याच. १९११ सालीं मोहन बागान संघानें ईस्ट यॉर्कशायर पलटणीस दोन विरुद्ध एक अशा गोलांनीं हरवून ती ढाल जिंकली, हें पुष्कळांस ठाऊक असतें. मुंबईचा रोव्हर्स चषक मात्र प्रथम हिंदी संघाच्या हातीं आला तो १९३७ सालीं, आणि तो संघ होता बंगलोर मुस्लिम्स. हें आमच्या मराठी मुलुखांतही फारसें कोणी सांगत नाहीं.

बाद पद्धति आणि साखळी पद्धति ह्यांतील भेद मी मुलांना असा समजावून देत असें: बाद पद्धति म्हणजे खासबागेंतील कुस्ती, पाठ टेंकली कीं संपलें. साखळी म्हणजे वर्गाचें हजेरीपुस्तक. तेथें प्रत्येकानें प्रत्येकाशीं खेळावयाचें, जिंकल्यास तीन गुण, बरोबरीस एक, आणि सबंध मोसमाची बेरीज करून पहिला नंबर ठरवावयाचा. एका दिवसाच्या तेजानें तेथें भागत नाहीं. कलकत्त्यांत अशी साखळी १८९८ पासून आणि मुंबईंत हारवुड लीग १९०२ पासून चालली. परंतु ह्या शहरापुरत्या गोष्टी. आज गोवें, आठ दिवसांनीं कलकत्ता, पुन्हां पंजाब, असा संघ महिनोन्‌महिने देशभर हिंडवावयाचा म्हणजे गांठीं पैसा हवा. म्हणून राष्ट्रीय साखळी उभी राहण्यास १९९६-९७ चा मोसम उजाडावा लागला.

त्या पहिल्या मोसमांत जेसीटी विजयी झाला. त्या संघांत सिक्कीमचा भायचुंग भुतिया आणि केरळचा विजयन असे दोन नामांकित गडी होते. पुढील सात वर्षांत मोहन बागान व ईस्ट बंगाल ह्यांनीं प्रत्येकीं तीन वेळां अजिंक्यपद घेतलें; मध्यें १९९८-९९ सालीं गोव्याच्या साळगांवकर संघानें काय तें एकदां कलकत्त्याचें आसन हालविलें. कलकत्त्याच्या त्या पर्वाविषयीं बंगाली मंडळी इतकें बोलतात कीं माझ्या बोलण्याची त्यांस गरज नाहीं.

आपणांस जवळचें पर्व त्यानंतरचें. २००४-०५ पासून २०१२-१३ पर्यंत, म्हणजे लागोपाठ नऊ मोसम, राष्ट्रीय साखळीचें विजेतेपद पश्चिम किनारा सोडून कोठेंही गेलें नाहीं. नवांपैकीं आठ वेळां तें गोव्यांत होतें आणि एकदां मुंबईंत. डेंपो पांच वेळां, चर्चिल ब्रदर्स दोनदां, साळगांवकर एकदां, आणि मुंबईचा महिंद्रा युनायटेड एकदां. ह्याच काळांत, २००७ सालीं, साखळीचें नांव बदलून ‘आय-लीग’ झालें. कोल्हापुराहून घाट उतरलें कीं पांच-सहा तासांवर हें सारें घडत होतें. आमच्या तालमींतील मंडळी मडगांवास सामने पाहावयास जात, आणि परत येऊन आठ दिवस त्याच गोष्टी सांगत.

ह्या पर्वाचा आरंभ मात्र एका मृत्यूनें झाला आहे. ५ डिसेंबर २००४ रोजीं बंगलोर येथें फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यांत डेंपोची गांठ मोहन बागानशीं पडली. डेंपोनें तो सामना दोन विरुद्ध शून्य असा जिंकला. दोन्ही गोल क्रिस्टियानो ज्युनियर ह्या ब्राझिली खेळाडूनें केले, आणि दुसरा गोल करतांनाच गोलरक्षकाशीं टक्कर होऊन तो जो पडला तो पुन्हां उठला नाहीं. डेंपोनें त्याचा दहा क्रमांकाचा सदरा कायमचा मिटवून ठेवला, आणि त्याच मोसमांत साखळी जिंकली. पांचही विजेतेपदांच्या वेळीं आर्मांदो कुलासो हे एकच गृहस्थ संघाचे शिक्षक होते. महेश गवळी, समीर नाईक, क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा हे गोंयकार गडी आणि नायजेरियाचा रँटी मार्टिन्स ह्यांच्या जोरावर डेंपो २००८ सालीं आशियाई संघांच्या ए. एफ. सी. चषकांत उपांत्य फेरीपर्यंत पोंचला.

हा सारा खेळ कोणाच्या पैशावर चालला होता? गोव्याच्या लोहखनिजाच्या पैशावर. साळगांवकरांचा संघ १९५६ सालचा, म्हणजे पोर्तुगीज अमलांतला. डेंपो घराण्यानें १९६८ सालीं डिचोलीचा एक संघ हातीं घेऊन आपला संघ उभा केला. दोन्हीं घराणीं खाणींचीं. कोल्हापूरकरास ह्यांत कांहींच नवें वाटूं नये. मल्ल आणि गवई ह्यांना संस्थानानें कसें पोसलें, हें येथें घरोघर सांगितलें जातें. राजाश्रय म्हणतात तो हाच. फरक इतकाच कीं, येथें राजाच्या जागीं खाणमालक होता. त्यांना नांवें ठेवणारांपैकीं मी नाहीं. चाळीस-पन्नास वर्षें ज्यांनीं पदरमोड केली त्यांच्यामुळेंच तीं नऊ वर्षें पाहावयास मिळालीं.

महिंद्राची कथा अधिक बोलकी आहे. हा कंपनीचा संघ १९६२ सालचा. त्या काळीं मुंबईंत टाटा, मफतलाल, रेल्वे, बँका असे अनेकांचे संघ असत. खेळाडूस संघांत घ्यावयाचें म्हणजे त्यास कचेरींत नाहीं तर कारखान्यांत जागा द्यावयाची, अशी वहिवाट होती. सकाळीं सराव, दुपारीं हजेरी. पाय थकले तरी नोकरी शाबूत. पुढें खेळ धंदेवाईक झाला आणि खेळाडू वर्ष-दोन वर्षांच्या करारावर येऊं लागला. पगार अनेक पटींनीं वाढला, ही गोष्ट खरी. परंतु माझ्या मतें येथेंच पाया ठिसूळ झाला. नोकर असलेल्या गड्यास काढणें अवघड असतें. करारावरच्या गड्यांचा सबंध संघ एका ठरावासरशीं बंद करतां येतो. २००५-०६ सालीं गोव्याचे डेरिक परेरा ह्यांच्या शिकवणुकींत, बॅरेटो व याकुबू ह्या परदेशी गड्यांना घेऊन, महिंद्रानें फेडरेशन चषक आणि राष्ट्रीय साखळी दोन्ही जिंकलीं. अवघ्या चार वर्षांनीं, २०१० सालीं, कंपनीनें संघ मोडला. कंपनी कांहीं बुडाली नव्हती. पुढच्याच वर्षीं जेसीटी गेला.

२०१४ सालीं इंडियन सुपर लीग नांवाची दुसरी साखळी निघाली, आणि आय-लीग हळूहळू खालच्या पायरीवर ढकलली जाऊं लागली. २०१६ सालीं डेंपो, साळगांवकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा ह्या तिघांनीं त्याचा निषेध म्हणून आय-लीग सोडली. गोव्यांतील खाणी त्यापूर्वींच, २०१२ सालीं, बंद पडल्या होत्या. परंतु संघांनीं सांगितलेलें कारण हें होतें. आतां ह्यांतील नवल पाहा. मिझोराममधील ऐझॉल हा संघ आदल्या मोसमांत खालच्या वर्गांत गेला होता. गोव्याच्या जागा रिकाम्या झाल्यामुळें त्यास परत बोलाविण्यांत आलें, आणि त्याच ऐझॉलनें २०१६-१७ सालीं आय-लीग जिंकली! त्याचे शिक्षक होते खालिद जमील. एके काळीं हे महिंद्राकडूनच खेळत. शेवटच्या दिवशीं, ३० एप्रिल २०१७ रोजीं, शिलाँग येथें एक-एक अशी बरोबरी झाली आणि तेवढ्यानें काम भागलें. ज्या यादींत मी गिरण्या, खाणी व कारखाने वाचीत आलों तींत हें एका डोंगरी गांवाचें नांव आलें, तेव्हां मला आमच्या त्या सातवीच्या मुलाची आठवण झाली.

पुण्याचें काय झालें, तें थोडक्यांत सांगतों. पुणें एफ. सी., भारत एफ. सी., डी. एस. के. शिवाजियन्स आणि एफ. सी. पुणें सिटी असे चार संघ दहा वर्षांच्या आंत पुण्यांत राष्ट्रीय पातळीवर खेळले, आणि २०१९ पर्यंत चारही दिसेनासे झाले. भारत एफ. सी. तर एकच मोसम टिकला. पुणें एफ. सी. २०१२-१३ सालीं दुसरा आला होता, हें आतां पुण्यांतच पुष्कळांच्या स्मरणांत नसेल. पुणें सिटीची सुपर लीगमधील जागा हैदराबादेस गेली. त्या हैदराबाद संघानें २०२१-२२ चा चषक जिंकला. आणि २०२५ सालीं तीच जागा तेथून उठून दिल्लीस गेली. घर बदलावें तसें गांव बदलणारा संघ कोल्हापुरांतील माणसास कसा समजावून सांगावा, हें मला अजून साधलेलें नाहीं.

मुंबई सिटी संघानें २०२०-२१ सालीं सुपर लीगची ढाल व चषक दोन्ही घेतलीं. साथीमुळें तो अंतिम सामना गोव्यांत रिकाम्या मैदानावर झाला. २०२३-२४ सालीं त्यानें मोहन बागानला कलकत्त्यांतच हरवून पुन्हां चषक आणला. मोहन बागान हा १८८९ सालचा, खऱ्या अर्थानें लोकांचा संघ. परंतु त्यासही २०२० सालीं एका उद्योगपतीच्या संघाशीं लग्न लावावें लागलें आणि नांवाच्या मागें ‘एटीके’ हीं अक्षरें चिकटलीं. समर्थकांनीं तीं सोसलीं नाहींत. तीन वर्षें त्यांनीं आरडाओरडा केला, आणि २०२३ सालीं मालकाला तीं अक्षरें काढावीं लागलीं. लोकाश्रय एकट्यानें संघ पोसूं शकत नाहीं, पण त्याच्यापुढें धनिकालाही वांकावें लागतें, असा ह्याचा अर्थ मी घेतों.

आतां घरचें. आमच्या तालमींचे संघ पिढ्यान्‌पिढ्या चालले आहेत. वर्गणी काढावयाची, गल्लींतल्या चार दुकानदारांनीं बूट-मोज्यांचा खर्च उचलावयाचा, आणि शाहू स्टेडियमवर सामना असला कीं पेठेनें दुकानें लवकर आवरावयाचीं. गिरणी बंद पडल्यानें तालमीचा संघ बंद पडत नाहीं, कारण त्याला मालकच नाहीं. हें आमचें बळ. परंतु मास्तरानें दुसरी बाजू न सांगणें बरें नव्हे. विजेत्यांच्या ह्या सबंध यादींत कोल्हापूरचा एकही संघ नाहीं. वर्गणीवर गल्ली जिंकतां येते, देश हिंडतां येत नाहीं. पेठेचा अभिमान कधीं कधीं हुल्लडींत जातो, आणि मग खेळ राहतो बाजूला. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ सालीं सतरा वर्षांखालील विश्वचषकांत भारताकडून खेळला. पण त्यापूर्वीं त्यास पुण्याच्या क्रीडाप्रबोधिनींत जावें लागलें. राष्ट्रीय पातळीवर कोल्हापूरचें नांव लावून जर कोणी खेळलें असेल, तर त्या आमच्या मुली, एफ. सी. कोल्हापूर सिटीचा संघ २०१९ सालीं महिलांच्या राष्ट्रीय साखळींत उतरला होता. पुरुषांनीं ह्याचा थोडा विचार करावा.

तो सातवींतला मुलगा आतां मोठा झाला असून एका तालमीच्या बचावफळींत खेळतो. मागें एकदां स्टेडियमवर भेटला. पायांत बूट चढवीत असतांनाच त्यानें विचारलें, “काय सर, यादीत नवीन कोण?” मीं सांगितलें कीं, डेंपो २०२४-२५ सालीं खालच्या वर्गांतून वर चढून पुन्हां आय-लीगमध्यें आला. “आणि जिंकलं कोण?” त्या मोसमाचें विजेतेपद महासंघानें आधीं चर्चिल ब्रदर्सला दिलें होतें, वाराणसीच्या इंटर काशी संघानें दाद मागितली, आणि जुलै २०२५ मध्यें स्वित्झर्लंडच्या क्रीडा-लवादानें तें काशीकरांना बहाल केलें. हें ऐकून तो क्षणभर थांबला. “म्हंजे मैदान सोडून कोर्टात जिंकली म्हणा की!” इतकें बोलून त्यानें नाडीची गांठ आवळली, आणि पंचांची शिट्टी झाली तसा तो धांवत गेला.