घरच्या शुश्रूषेत पैसा कुणी घातला?

कॅन्सरच्या रुग्णाची घरी सेवा देणारे स्टार्टअप निघालेत, गटाची बचत त्यात गुंतवायची का, असं कर्जतच्या बैठकांत आम्हाला विचारलं जातं. जरा मागं बघू. मुंबईचं टाटा हॉस्पिटल १९४१ साली उभं राहिलं, ते ट्रस्टच्या पैशातून. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून आहे. तिथं दुखणं हलकं करणारे उपचार मोफत मिळतात आणि रुग्णाला कसं सांभाळायचं हे घरच्यांनाही शिकवतात. (घरचे म्हणजे बहुधा बाईच!) तो पैसा परत यावा म्हणून घातलेला नव्हता. स्टार्टअपमधला पैसा नफ्यासाठी असतो, बुडतोही. आपली बचत तिथं नको. आजारी सभासदाला कर्ज आधी देऊ. व्याजाचं येत्या बैठकीत ठरवा.