सुरतेचे महाजन आणि तापीची वर्दी

गोमंतकात महाजन म्हणजे देवालयाचे वंशपरंपरागत हक्कदार. सुरतेत हाच शब्द व्यापाऱ्यांच्या पंचायतीस लागला. या पंचायतीचे बळ इ. स. १६६९ मध्ये प्रत्ययास आले. काझीच्या जाचास कंटाळून भीमजी पारेख यांच्या पुढारपणाखाली सुमारे ८,००० वाणी भडोचला निघून गेले व बाजार ओस पडला. बादशहाकडून अभय मिळाल्यावरच ते परतले. एवढ्या जनांना एका निर्णयाशी बांधणारे सूत्र म्हणजे परस्परांना दिलेला शब्द.

ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सुमारे ९ लाख क्युसेक पाणी सुटले आणि तापीने शहराचा बहुतांश भाग बुडविला. धरण पाटबंधारे खात्याकडे, वस्ती महानगरपालिकेकडे, उद्योग व्यापाऱ्यांकडे; वर्दी मात्र लोकांना वेळेवर मिळाली नाही. त्यानंतर १९४० साली स्थापन झालेले दक्षिण गुजरात चेंबर, महानगरपालिका, पाटबंधारे खाते व तज्ज्ञ एकत्र बसले. पुढे सुरत क्लायमेट चेंज ट्रस्ट उभा राहिला. खोऱ्यातील पावसाच्या नोंदींवरून धरणात किती पाणी येईल व ते कोणत्या वस्तीत चढेल, याचे गणित सॉफ्टवेअर मांडू लागले.

तथापि पावसाळ्यात धरण पुरासाठी रिते ठेवावे की शेती व विजेसाठी भरावे, हा तंटा यंत्र सोडवीत नाही. त्यासाठी सर्व हक्कदारांनी एकत्र बसून शब्द द्यावा व तो पाळावा लागतो. नोंद वहीतील असो वा संगणकातील, महाजनकीचा खरा आधार तोच आहे.