रक्त काय सांगते?

मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून अर्धांगवायू झाला, की घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "पुन्हा चालतील ना?" भारतातून असा फोन येतो, तेव्हा रक्ततपासणीचे आकडेही वाचून दाखवले जातात. म्हणून त्या आकड्यांचा थोडा इतिहास सांगावासा वाटला.

१९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात एक पदार्थ आढळला. तोच आजचा सीआरपी. शरीरात दाह झाला की यकृत हे प्रथिन तयार करते. १९९९ मध्ये ग्लासगोच्या डॉक्टरांनी दाखवले, की झटक्यानंतर ज्यांचे सीआरपी जास्त, त्यांच्यात पुढे मृत्यूचे प्रमाणही जास्त. दुसरे प्रथिन एस-१००. मूर यांनी १९६५ मध्ये ते गुरांच्या मेंदूतून वेगळे केले. मेंदूला इजा झाली की ते रक्तात उतरते. २००९ मध्ये बाझलच्या संशोधकांनी कोपेप्टिन पुढे आणले.

त्याच वर्षी एडिंबरोच्या संशोधकांनी असे अनेक अभ्यास एकत्र तपासले. वय आणि झटक्याची तीव्रता यांवरून बांधलेल्या अंदाजात या आकड्यांनी काही भर पडते, असे त्यांतून सिद्ध झाले नाही. झटका मोठा, तर इजा मोठी आणि रक्तातला आकडाही मोठा. डॉक्टर रुग्णाला हात उचलायला सांगून जे ओळखतात, तेच बरेचसे रक्त पुन्हा सांगते.

तेव्हा कागदावरचा आकडा वाईट दिसला, म्हणून कोणी फिजिओथेरपी थांबवू नये, एवढेच माझे सांगणे.