मडकं वाजवून घेतो तसं

मागच्या बैठकीत बचतीचे पैसे गोळा झाले, सह्या झाल्या, तरी आमच्या गटातल्या एक ताई जागच्या हलेनात. सगळ्या गेल्यावर त्यांनी पिशवीतून सोनोग्राफीचा कागद काढला. पाळीच्या त्रासासाठी गेल्या होत्या आणि अंडाशयावर गाठ दिसली. कागदावर खाली लिहिलं होतं, सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी. त्या तारखेवर महिना उलटला होता. घरात कुणाला पत्ता नाही. "गाठ म्हणजे ठरलंच की," एवढंच बोलल्या.

आम्हाला लगेच उत्तर सुचलं नाही. मग हे यंत्र आलं कुठून, ते आम्ही वाचून काढलं. ती गोष्ट आज सांगतो.

स्कॉटलंडमध्ये ग्लासगो नावाचं जहाजं बांधणारं शहर आहे. तिथे इयन डोनाल्ड हे बायकांच्या आजारांचे प्राध्यापक होते. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश हवाई दलात होते, त्यामुळे रडार त्यांच्या ओळखीचं. जवळच बॉयलर बनवणारा एक कारखाना होता. तिथे लोखंडाला आतून तडा गेलाय का, हे आवाजाच्या लहरी सोडून, परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून ओळखत. आपण बाजारात मडकं बोटाने वाजवून घेतो ना, तसंच थोडंफार. डोनाल्डांना वाटलं, लोखंडाचं कळतं तर पोटातलं का कळू नये? 21 जुलै 1955 रोजी शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारीच्या डिकीत घालून ते त्या कारखान्यात गेले! तुलनेसाठी कारखान्याने मांसाचा मोठा तुकडा आणून ठेवला होता. पाण्याने भरलेल्या गाठीतून आवाज सरळ पार जाई आणि पलीकडच्या कडेवरून परत येई. भरीव गाठीचा प्रतिध्वनी अगदी वेगळा. दोन्हींतला फरक पडद्यावर दिसला.

पुढे टॉम ब्राऊन या तरुण इंजिनिअरने यंत्र सुधारलं. जॉन मॅकव्हिकर हे डॉक्टरही सोबत होते. पोटावर ऑलिव्हचं तेल चोळून तपासत. आज थंडगार जेल लावतात.

त्या काळात त्यांच्याकडे एक बाई आली. पोट फुगलेलं. आधीच्या डॉक्टरांनी क्ष-किरण फोटोवरून जठराचा कॅन्सर सांगितलेला, तोही शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेला. म्हणजे घरी जा आणि दिवस मोजा. डोनाल्डांनी यंत्र लावलं, तर आत मोठी, पाण्याने भरलेली गाठ. ती अंडाशयाची निघाली, काढून टाकली आणि बाई बरी झाली. 1958 च्या जूनमध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात या तिघांचा लेख आला, त्यात ही हकीकत आहे.

म्हणजे हे यंत्र नावारूपाला आलं तेच आधीचं निदान चुकीचं ठरवून. पण एका फोटोवरून सगळं कळतं असं डोनाल्डांनाही कधी म्हणता आलं नसतं. पाणी आहे की भरीव, आकार किती, एवढं दिसतं. पाळी चालू असलेल्या बाईच्या अंडाशयावर पाण्याची लहान गाठ होते, आणि पुष्कळदा दोन-तीन पाळ्यांत आपोआप जिरते. जिरली का वाढली, हे एकदा बघून कसं कळणार? त्यासाठीच दुसरी तारीख देतात. वाढली असेल, भरीव वाटली, तर रक्ताची तपासणी किंवा शस्त्रक्रिया सांगतील. तेही वेळेत कळलेलं बरं.

आपल्याकडे या यंत्राचं नाव आणखी एका कारणाने दबक्या आवाजात घेतात. पोटातली मुलगी ओळखून पाडण्यासाठी ते वापरलं गेलं. महाराष्ट्राने 1988 मध्ये त्याविरुद्ध कायदा केला, देशाचा कायदा 1994 चा. त्यामुळे सोनोग्राफीला गेली म्हटलं की शेजारपाजार वेगळंच विचारतो. या ताईंनी घरी न सांगण्यामागे हेही होतं, ते नंतर कळलं.

गटाच्या अंतर्गत कर्जातून त्यांना तपासणीचे पैसे दिले आहेत. मंगळवारी सकाळच्या एसटीने आम्ही दोघी त्यांच्यासोबत जातोय. डॉक्टरांना दोन्ही वेळचं मिळवून बघता यावं, म्हणून आधीचा कागद आणि फोटो त्यांनी कालच पिशवीत घालून ठेवलाय. नवऱ्यालाही सांगितलं. तो म्हणाला, मीपण येतो.