परके परागवाहक कीटक

एखाद्या प्रदेशात मूळचे नसलेले, पण मधासाठी किंवा परागीभवनासाठी मुद्दाम आणलेले कीटक. भारतातले ठळक उदाहरण युरोपीय मधमाशी, म्हणजे मेलिफेरा. १९६०च्या दशकाच्या आरंभी ती नगरोटा बगवाँ (हिमाचल) येथे रुजली आणि उत्तरेच्या मोहरीवर फोफावली. गारगोटीचा परिसर (ता. भुदरगड, जि. कोल्हापूर) मात्र सातेरी या देशी मधमाशीचा. मांघर या गावानंतर ‘मधाचे गाव’ म्हणून घोषित झालेले पाटगाव याच तालुक्यात आहे. तिथला मध जांभूळ, हिरडा, कारवी अशा रानफुलोऱ्याचा. मेलिफेराची पेटी सातेरीच्या कित्येक पट मध देते, म्हणून ती इथेही आणावी असा मोह होतो. तो आवरलेला बरा.

माशी एकटी येत नाही, तिच्यासोबत तिचे रोग आणि परजीवी येतात. व्हरोआ ही गोचिडीसारखी माइट मूळची सातेरीच्या कुळातली. दोन्ही माश्या शेजारी नांदू लागल्यावर ती मेलिफेरावर गेली आणि जगभरच्या पेट्यांचा काळ झाली. एका जातीला सवयीचा झालेला परजीवी दुसरीला मारतो, आणि ही वाट दोन्ही दिशांनी खुली असते. फुलांच्या टंचाईत, विशेषतः पावसाळ्यात, दांडगी मेलिफेरा सातेरीच्या पेट्या लुटते. रोगाला तेवढी ये-जा पुरते. परदेशातही असे दाखले आहेत. चिलीने १९९७ पासून टोमॅटोसाठी युरोपीय भुंगमाशी (बंबलबी) आणली. तिचा प्रसार होत गेला तशी तिथली तांबूस, अंगठ्याएवढी देशी भुंगमाशी मोठ्या पट्ट्यातून नाहीशी झाली. २००६च्या सुमारास ही पाहुणी अँडीज ओलांडून अर्जेंटिनात उतरली, जिथे तिला कुणी बोलावलेच नव्हते! जपाननेही हीच माशी हरितगृहांसाठी आणली आणि २००६ मध्ये तिच्यावर आक्रमक परकी जात म्हणून निर्बंध घातले.

यावर आक्षेप असा, की मेलिफेरा आपल्या रानात पेटीबाहेर सहसा टिकत नाही, मग धोका कसला? पण रोगाला रानात घर करून राहणारी माशी लागत नाही. दर हंगामाला ट्रकमधून येणाऱ्या पेट्या पुरतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: परका कीटक दर वेळी घातक ठरतोच असे नाही. तेलताडाचा आफ्रिकी भुंगेरा १९८१ मध्ये मलेशियात आणि १९८५ मध्ये केरळात सोडला. फळधारणा वाढली, हानी नोंदली गेली नाही. मात्र तो तेलताडाच्या नरफुलांवरच वाढतो आणि ही एकनिष्ठा आधी तपासून घेतली होती. मेलिफेरा शेकडो फुलांवर जाते. तिला हा दाखला लागू पडत नाही. सूर्यफुलाच्या सपाट शेतात तिला जागा आहे, घाटमाथ्याच्या रानात नाही. तरी सगळा दोष परकेपणाचाही नव्हे. १९९१-९२ मध्ये थाई सॅकब्रूड या विषाणूने दक्षिण भारतातल्या बहुसंख्य पाळीव वसाहती संपवल्या, आणि तो रोग सातेरीचाच होता. देशी माशीच्या ने-आणीतूनही रोग पसरू शकतो, म्हणून पाटगावच्या पेट्या भरायच्या त्या भुदरगडच्याच रानातल्या मोहोळांनी. दूरच्या जिल्ह्यातून आणलेली सातेरीसुद्धा इथे परकीच समजावी.